कन्व्हेयन्स नशिबावर सोडायचं का?

नौपाडाकर : शेजारच्या सोसायटीच्या सभेत परवा पुन्हा तेच ऐकलं. नशिबात असेल तर पुनर्विकासाला चांगला बिल्डर येईल, कन्व्हेयन्सचं, म्हणजे जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर करून घ्यायचं, तेव्हा बघू. जिन्यातलं प्लास्टर पडून सळ्या दिसतायत आणि जमीन अजून मूळ बिल्डरच्याच नावावर! 1963 च्या मोफा म्हणजे फ्लॅट मालकीच्या कायद्याप्रमाणे, करारात वेगळी मुदत नसेल तर सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांत त्याने कन्व्हेयन्स द्यायला हवं. नाही दिलं तर जिल्हा उपनिबंधकांकडे डीम्ड कन्व्हेयन्सचा अर्ज करता येतो. बिल्डर सही करत नाही म्हणून काही अडत नाही. तरी 'असेल माझा हरी' म्हणत बसायचं, हे मला पटत नाही.

वर्तकनगरवाला : आम्ही सगळं केलं हो. कन्व्हेयन्स हातात आहे. पण आमची गल्ली अरुंद, आणि एफएसआय (प्लॉटवर किती बांधता येईल ते), टीडीआर (दुसरीकडून आणून वापरायचा बांधकाम हक्क) रस्त्याच्या रुंदीवर ठरतो. बिल्डर येतात, टेप लावतात, परत फिरकत नाहीत. हमरस्त्यावरच्या इमारतीने काहीच हालचाल केली नाही, तिथे मात्र रांग. याला नशीब नाही तर काय म्हणायचं?

नौपाडाकर : रस्ता तुमच्या हातात नाही, मान्य. पण पुढच्या प्लॉटवाल्यांशी एकत्र पुनर्विकासाचं बोललात का? तुमची जमीन तुमच्या नावावर आहे, म्हणून तुम्ही हे बोलू तरी शकता.

उलव्याचा भूमिपुत्र : ऑफिसात आम्हाला 'नशीबवान गाववाले' म्हणतात, नवी मुंबईसाठी सिडकोने घेतलेल्या जमिनींच्या बदल्यात साडेबारा टक्क्यांचे प्लॉट मिळाले म्हणून. 1984 च्या जानेवारीत प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटलांच्या मागे लोक रस्त्यावर उतरले, पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. प्लॉट त्यातून आले. आमच्या घरात याला कोणी नशीब म्हटलेलं चालत नाही.

कळवा_लोकल : दादा, त्या लढ्याला नमस्कारच. पण सकाळी लोकल पकडून रात्री परतणाऱ्याने उपनिबंधकांच्या कचेरीत कधी जायचं? ज्या सोसायटीत निवृत्त, कागदपत्रं कळणारा सेक्रेटरी आहे तिचंच काम होतं. असा माणूस मिळणं हेही नशीबच.

नौपाडाकर : म्हणून एकट्यावर टाकू नका. दर मजल्यावर एकाने करारनामे आणि इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या कराराचा उतारा) गोळा करायचे. इंडेक्स टू ऑनलाइन शोधता येतो, ते रात्री घरी बसून होतं. सुनावणीला मात्र कोणीतरी रजा टाकावी लागेल, त्याला इलाज नाही. तुमच्याकडे मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र आहे का? नसेल तर आधी महापालिकेत प्रतींसाठी अर्ज टाका.