मदत हवी आहे: आईच्या युरीन टेस्टमध्ये कोटिनीन पॉझिटिव्ह, कॅन्सरची भीती वाटतेय

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

आईसाठी (वय 58) मेडिक्लेम काढत होतो, त्यांच्या मेडिकलमध्ये युरीन कोटिनीन पॉझिटिव्ह आलं. फॉर्मवर "तंबाखू: नाही" अशी टिक मीच केलेली. तंबाखूतलं निकोटिन अंगात गेलं की लिव्हरमध्ये त्याचं कोटिनीन होतं, एवढं वाचून समजलं. आईने आयुष्यात बिडी हातात धरली नाही. बाबा मात्र ओढायचे, लालबागच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत, पावसाळ्यात खिडकी लावून, आणि आम्ही सगळे तिथेच, म्हणून आधी वाटलं इतक्या वर्षांचा तो धूर आता निघतोय. पण बाबांना जाऊन दीड वर्ष झालं, आणि कोटिनीन निम्मं व्हायला 16 ते 20 तास पुरतात, तीन-चार दिवसांत बहुतेक सगळं निघून जातं. मग आलं कुठून?

दुसऱ्या दिवशी लवकर जाग आली तर आई मोरीपाशी बसलेली, काळं झालेलं बोट दातांवर फिरवतेय. मशेरी! लहानपणापासून बघतोय, ती तव्यावर तंबाखू भाजायला लागली की अख्ख्या मजल्याला ठसका लागायचा, पण मशेरी म्हणजे तंबाखूच हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही. विचारलं तर म्हणाली, "अरे त्याशिवाय पोट साफ होत नाही." दिवसातून तीन-चार वेळा लावते, दुपारी तर लावून अर्धा-अर्धा तास तशीच बसते.

बाबा फुफ्फुसाच्या कॅन्सरनेच गेले, त्यामुळे आता झोप लागत नाहीये. वाचता वाचता एनएनएएल नावाची अजून एक युरीन टेस्ट सापडली, ती म्हणे कॅन्सरशी जास्त जवळची. मुंबईत होते का कुठे? केली तर आईला किती धोका आहे ते कळेल का? आणि मशेरी सोडवायची कशी, ओरडून तर काहीच होत नाही, उलट ती लपवायला लागेल.

प्रतिसाद:
मी डेंटिस्ट आहे, दादरला. तंबाखूत एनएनके नावाचं कॅन्सर करणारं रसायन असतं, एनएनएएल हा अंगात त्याचाच पुढे बनणारा पदार्थ. तो कोटिनीनसारखा पटकन जात नाही, काही आठवडे लघवीत सापडतो. शांघाय आणि सिंगापूरच्या स्मोकर्सच्या लघवीचे नमुने आधी घेऊन ठेवले होते, ज्यांच्यात हे जास्त होतं त्यांच्यात पुढे फुफ्फुसाचा कॅन्सरही जास्त दिसला, 2009 चा अभ्यास आहे. पण तो आकडा गटाचा धोका सांगतो, तुमच्या आईला होईल की नाही ते नाही सांगत. टेस्टला मास स्पेक्ट्रोमेट्री (रेणूंच्या वजनावरून पदार्थ ओळखायचं तंत्र) लागते, ती मुख्यतः रिसर्चमध्येच वापरतात, त्यामागे धावू नका. मशेरीनेही एनएनएएल वाढतंच, धूर नसला तरी.

आधी तोंड तपासून घ्या. गालाच्या आत, हिरडीवर पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड कमी उघडणं, हे बघायला पाच मिनिटं लागतात. परळला टाटा मेमोरियलमध्ये प्रिव्हेंटिव्ह ऑन्कोलॉजी (कॅन्सर टाळण्यासाठी आणि लवकर ओळखण्यासाठी) विभागही आहे. सोडवताना डॉक्टरांनी निकोटिन गम दिलं तर कोटिनीन पॉझिटिव्हच येत राहील, तेव्हा घाबरू नका, त्यात एनएनके जवळपास नसतं. आणि विमा कंपनीला आत्ताच खरं सांगून टाका, नाहीतर क्लेमच्या वेळी अडकाल.

धागाकर्ता:
खूप आभार डॉक्टर. कंपनीला मेल केला. आईला चट्ट्यांचं सांगितलं तर गप्प झाली, मग म्हणाली डाव्या गालात आतून महिनाभर तिखट झोंबतंय. हे आधी बोलली नव्हती. उद्या सकाळीच घेऊन जातोय.