जानेवारीत घरी पंधरा माणसं जेवायला, पनीर न आणता मंडईच्या भाजीवर बेत कसा बसवायचा?

राजारामपुरीची_थोरली

नमस्कार मंडळी, जरा मदत पाहिजे. संक्रांत झाली की त्याच्या पुढच्या रविवारी आमच्याकडं नणंद, तिच्या सासरची माणसं आणि ह्यांचे दोन मित्र सहकुटुंब असे मिळून पंधरा जण दुपारच्या जेवणाला आहेत. नणंदेचं सासर पुण्याचं, तिचे सासू सासरे पूर्ण शाकाहारी आणि त्यांना तिखट अजिबात चालत नाही, आणि बाकीच्यांनी मात्र आत्तापासनंच फोनवर तांबडा पांढरा म्हणून धोशा लावलाय. अशा वेळी आमच्यात ठरलेलं असतं की शाकाहारी लोकांसाठी एक पनीरची भाजी टाकायची आणि विषय संपवायचा. मला ह्यावेळी ते करायचं नाही. आत्ता कपिलतीर्थ मार्केटात नुसती चक्कर मारली तरी पावटा, हरभऱ्याचे डहाळे, वाटाणा, वरण्याच्या शेंगा, काटेरी वांगी, चाकवत, मेथी, कांद्याची पात, ओली हळद सगळं ताजं ताजं दिसतंय, वर्षातले हे दोनच महिने असं मिळतं, मग पाहुण्यांना बारमाही पनीर का खायला घालायचं?

माझ्या डोक्यात भोगीला करतो तसली मिसळीची भाजी आहे पण ती घरच्या पाच माणसांना करणं वेगळं आणि पंधरांना वेगळं. मोठ्या पातेल्यात वांगं गळून जातं आणि पावटा टणक राहतो असं होऊ नये म्हणून काय क्रम ठेवायचा? तिखट खाणारे न खाणारे दोघांचं एकाच भाजीत कसं भागवायचं? आणि गोडाला काय? स्वयंपाकघर लहान आहे, शेगड्या दोनच, सासूबाई बसून निवडून सोलून देतील पण उभं राहणं त्यांना जमत नाही. मटणाचं पण कुणीतरी सांगा, करू का नको.

गडहिंग्लजची_मामी

पोरी पनीर न्हाई म्हणालीस तेच लै बरं वाटलं बघ. आता नीट ऐक, मी आमच्या घरच्या पंगतीला करतो तसं सांगतो.

पयली गोष्ट, कुकर लावू नकोस. कुकरात सगळं एकजात होतंय आणि पावट्याची सालं वर तरंगत्यात. रुंद तोंडाचं पातेलं घे. आदल्या रात्री शेंगदाणे भिजत घाल मूठभर जास्तच, आणि शेंगा सोलून ठेव. सकाळी आधी पावटा, सोलाणा म्हंजे सोललेला ओला हरभरा, आणि शेंगदाणे एवढंच पाण्यात हळद आणि मीठ टाकून शिजवाय ठेव. त्यात आंबट काय घालू नको, चिंच नको, टोमॅटो नको. आंबट आधी पडलं की दाणा आखडतो, मग कितीबी वेळ जाळ घाल मऊ पडत न्हाई. सोडा तर डोळ्यासमोर पण ठेवू नको, सोड्यानं दाणा लगेच गळतो पण साबणासारखी चव येती आणि सगळ्याचा लगदा होतोय. दाणा बोटानं दाबला की दबाय लागला की मग गाजर घाल, मग घेवडा आणि वाटाणा.

वांगं शेवटी. चिरलं की लगेच मिठाच्या पाण्यात सोड म्हणजे काळं पडत न्हाई, आणि भाजीत घालायच्या आधी कढईत तेलावर वेगळं परतून घे, जाळ मोठा ठेवून, बाहेरनं जरा खरपूस झालं की काढून ठेव. वाढायच्या पंधरा वीस मिनिटं आधी ते पातेल्यात सोडायचं आणि नंतर डावानं ढवळायचं न्हाई, पातेलं धरून हलवायचं. असं केलंस की वांग्याची फोड अख्खी राहती आणि वर देठ दिसतोय, ताटात बघायला पण बरं वाटतं.

वाटणाला पांढरे तीळ भाजून, सुकं खोबरं भाजून, लसूण, जिरं, कोथिंबीर. दाण्याचं कूट वाटणात न घालता वरनं घाल म्हणजे रस्सा खाली लागत न्हाई. पाणी घालायचं ते उकळतंच, गार पाणी घातलं की शिजणं थांबतंय. चिंचेचा कोळ आणि गुळाचा बारका खडा एकदम शेवटाला. बोरं आणि उसाची कांडी भोगीला ठीक, म्हातारी माणसं जेवाय असली की नको, दातात येतंय.

तिखटाचं. भाजीत कांदा लसूण चटणी घालूच नको. दोन हिरव्या मिरच्या वाटणात, बस्स. ही भाजी कुणीपण खाईल. मग दुसऱ्या कढईत तेल तापवून, गॅस बंद करून जरा थांबून, त्यात चटणी घालायची आणि लगेच पळीभर पाणी मारायचं. कडकडीत तेलात चटणी टाकली की करपून काळी पडती आणि ठसका घरभर. ही तर्री झाली. अर्धी भाजी दुसऱ्या पातेल्यात काढून त्यात ही तर्री घाल. एकच भाजी, दोन पातेली. शिवाय ताटात खरडा हाईच. कोल्हापूरच्या घरात पाहुणा तिखटानं रडला ह्यात काय मोठेपणा न्हाई, चव दाण्याची आणि वांग्याची लागली पायजे.

मळीतला_शिरोळ

मामींनी शिजवायचं सगळं सांगितलंय मी आणायचं सांगतो कारण माल चांगला नसंल तर पुढं काही करून उपयोग नाही. आमची शेती कृष्णेकाठी आहे, नरसोबाच्या वाडीच्या अलीकडं.

वांगं हातात घेतल्यावर आकाराच्या मानानं हलकं लागलं पाहिजे. जड असलं की आत बी धरलेलं असतं. देठ हिरवा आणि काटे टोचणारे, साल तुकतुकीत, अंगठ्यानं दाबून सोडलं की परत वर येणारी. नदीकाठच्या वांग्याला थंडीत जी चव आहे ती उन्हाळ्यात नाही, त्यामुळं भरीत म्हणा मसाल्याचं म्हणा ह्याच दिवसात पाहुण्यांना घाला. पावट्याची शेंग भरलेली पण हिरवीगार, पिवळी पडाय लागलेली घेऊ नका, जून असते. चांगल्या शेंगेला हात लावला की हाताला वास राहतो.

वाटाण्याचं एक ध्यानात ठेवा, तोडल्यापासनं त्याची गोडी उतरत जाते, आतल्या साखरेचं पीठ होत जातं. म्हणून वाटाणा आधीपासनं आणून ठेवू नका आणि आणला तर त्याच दिवशी सोलून उकळत्या पाण्यात मिनिटभर घालून लगेच गार पाण्यात काढा आणि फ्रीजमध्ये टाका. पावटा, वरणा दोन दिवस आधी आणला तरी चालतो. मेथी चाकवत शनिवारी संध्याकाळी किंवा रविवारी भल्या सकाळी, आणि प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, ओलसर सुती फडक्यात गुंडाळा.

पंधरा माणसांना ही भाजी मुख्य धरली तर सोललेला पावटा अर्धा किलो, सोलाणा पाव किलो, वाटाणा पाव किलो, गाजर अर्धा, घेवडा अर्धा आणि वांगी एक किलो पुष्कळ झाली. शेंगा घेताना सोललेल्या वजनाच्या अडीच तीन पट घ्या, टरफलंच निम्म्याहून जास्त जातात. आणि बाजारात बसलेल्या मावशींशी भाव करताना पाच रुपयासाठी घासाघीस करू नका ओ, पहाटे उठून काढून डोक्यावर घेऊन आलेल्या असतात.

खासबागचा_पैलवान

वैनी मटण कराच. पुण्याची माणसं कोल्हापुरात येऊन रस्सा न पिता गेली तर आपल्याला चैन पडंल का? बाकीच्यांना दोन किलो मटण घ्या, त्याच अळणी पाण्यातनं पांढरा, त्याच्यातनंच तांबडा आणि मटण सुकं काढायचं, तीन पदार्थ एका शिजण्यात. पांढऱ्याला नारळाचं दूध, खसखस काजू तिळाचं वाटण, आणि दूध घातल्यावर उकळी आणायची नाही, फाटतंय. गॅसची अडचण असंल तर अंगणात चूल मांडा, मटण चुलीवर आणि भाजी आत. ज्येष्ठ माणसं शाकाहारी हायत म्हणून भांडी, डाव, ताटं तेवढी पूर्ण वेगळी ठेवा.

रंकाळ्याची_संध्या

पैलवान दादांचं प्रेम समजतं पण मला नाही पटत. दोन शेगड्या, उभं राहणारी बाई एकच, आणि तांबडा पांढरा सुकं शिवाय भाजी शिवाय भाकरी, म्हणजे ताई दिवसभर स्वयंपाकघरात आणि पाहुण्यांशी बोलायला कोण? शिवाय मटण ताटात आलं की त्या शेंगांच्या भाजीकडं कोण बघणार नाही, मग एवढं निवडून सोलून केलेलं वाया. रात्री ज्यांना रस्सा हवा त्यांना ह्यांनी बाहेर घेऊन जावं, गावात त्याची काय कमी आहे का. दुपारचं जेवण सगळ्यांचं एकच असू दे. सगळे एका पंगतीत तेच खातायत ह्यात त्या दोघा म्हाताऱ्यांना जे वाटेल ते वेगळं पातेलं करून वाटणार नाही.

बरोबर दुसरा पदार्थ म्हणून चाकवताचं गरगट करा, हे मी आग्रहानं सांगतेय. पुण्यात चाकवताची ताकातली पातळ भाजी करतात त्यामुळं सासूबाईंना ओळखीचं वाटेल आणि आपलं दाटसर गरगट चाखून वेगळं पण वाटेल. चाकवत, भिजवलेली हरभरा डाळ आणि शेंगदाणे एकत्र शिजवून घोटायचं, बेसन ताकात कालवून घालायचं आणि ताक गेल्यावर बारीक गॅसवर सारखं ढवळत राहायचं. वरनं लसणाची आणि सुक्या मिरचीची फोडणी वेगळ्या पळीत, ज्याला हवी त्याच्या वाटीत. हे आधी करून ठेवता येतं, मुरलं की जास्त छान लागतं. बाकी मेथी बारीक चिरून कांदा, दाण्याचं कूट आणि लिंबू घालून कच्चीच, आणि हरभऱ्याचे कोवळे शेंडे मिळाले तर त्याचा घोळाणा. ह्याला गॅस लागतच नाही.

भाकरी पंधरा माणसांच्या घरी थापत बसू नका. एक किलो पिठाच्या दहा बारा होतात, माणशी दीड दोन धरा म्हणजे अडीच तीन किलो पीठ थापायचं झालं, एका तव्यावर दोन तास त्यातच जातील. गल्लीतल्या पोळी भाकरी करणाऱ्या ताईंना आधी दोन दिवस सांगून ठेवा, तीळ लावलेली बाजरीची निम्मी आणि ज्वारीची निम्मी. वर लोण्याचा गोळा मात्र घरचा.

राजारामपुरीची_थोरली

किती छान लिहिलंय सगळ्यांनी, मनापासून आभार. ह्यांना वाचून दाखवलं, तर ठरलं असं की दुपारी मटण नाही, रात्री हे सगळ्यांना घेऊन रश्श्याला जाणार. पैलवान दादा रागावू नका, तुमचं अळणीचं मी लिहून ठेवलंय ते उन्हाळ्यात भाऊ आला की.

गोडाचं राहिलं. गाजर हलवा सगळीकडं मिळतो म्हणून नको वाटतोय. आजऱ्याच्या घनसाळ तांदळाची गुळातली खीर डोक्यात आहे पण गूळ घातला की दूध फाटतं असं सगळे म्हणतात.

गडहिंग्लजची_मामी

घनसाळच कर. आजऱ्याच्या घनसाळला 2016 ला जीआय म्हंजे भौगोलिक मानांकन मिळालंय, शिजताना सगळं घर घमघमतंय, त्याच्या खिरीत वेलदोडा पण जरा हातराखून घालावा नायतर तांदळाचा वास दबतोय. दूध गंगावेशीतल्या कट्ट्यावरनं म्हशीचं आण, डोळ्यासमोर काढून देत्यात. पंधरा जणांना अडीच लिटर दूध आणि दीडशे ग्रॅम तांदूळ. तांदूळ धुवून तासभर वाळव, तुपावर परत, जाडसर रवाळ कर आणि दुधात बारीक जाळावर शिजव.

गुळाला घाबरू नको. गूळ थोडा आंबट गुणाचा असतोय म्हणून उकळत्या दुधात पडला की फाटतंय. खीर खाली उतर, बोट घालाय येईल एवढी निवू दे, आणि गूळ वेगळा पाव वाटी पाण्यात विरघळवून, गाळून, तो पण गार झाल्यावर घाल. त्यानंतर खीर परत गॅसवर चढवायची न्हाई. चारशे ग्रॅम गूळ पुरे, लागला तर वाढव.

मळीतला_शिरोळ

गुळाबद्दल थोडं. आत्ता गुऱ्हाळं जोरात चालू आहेत त्यामुळं ह्या हंगामाचा नवा गूळ घ्या. एकदम पिवळाधमक दिसणारा घेऊ नका, तो रंग बहुतेक वेळा हायड्रोस पावडरीनं आणलेला असतो. उकळत्या उसाच्या रसात भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालून मळी काढतात आणि दुसरं काही घालत नाहीत असला गूळ तांबूस तपकिरी दिसतो, चव खोल असते. दुकानदाराला विचारायला लाजू नका. गुऱ्हाळावर कुणी ओळखीचं असेल तर बाटलीभर काकवी पण आणा, मुलांना भाकरी लोणी काकवी दिलं की त्यांना वेगळं काही करावं लागत नाही.

रंकाळ्याची_संध्या

दोन शेगड्यांवर क्रम असा लावा ताई. शनिवारी रात्री शेंगा सोलून, दाणे भिजवून, वाटण करून फ्रीजमध्ये, खरडा पण रात्रीच. रविवारी उठल्या उठल्या एका शेगडीवर खीर चढवा कारण तिला वेळ लागतो आणि ती निवायला पण हवी, दुसरीवर चाकवत. नऊ साडेनऊला दोन्ही मोकळ्या, मग पावटा हरभरा आणि बाजूच्या शेगडीवर वांगी परतून घ्यायची. भात शेवटी, माणसं बसायच्या आधी अर्धा तास, किलोभर तांदूळ पुरतो भाकरी असल्यामुळं. तर्री पाहुणे आल्यावरच करा, आधी करून ठेवली की तिचा वास उतरतो. आणि सासूबाईंना मेथी कांदा चिरायला सकाळी लवकर देऊ नका, कापलेला कांदा आणि मेथी ठेवून कडवट होते, ते पानं वाढायच्या वेळेलाच.

राजारामपुरीची_थोरली

लिहून फ्रीजला चिकटवलं. शनिवारी संध्याकाळी मार्केटात जाताना आणि कुणाला काही आठवलं तर सांगा, ओल्या हळदीचं लोणचं मी आजच घालतेय म्हणजे तोवर मुरेल.