२०२० चे मोर्चे आणि कोविड: भावाला काय सांगू?

प्रश्न: मी अमेरिकेत मिनियापोलिसला राहते. एप्रिल २०२० मध्ये पुण्यात बाबा गेले. विमानं बंद, अंत्यविधी फोनवर पाहिला. २५ मे रोजी इथे पोलिसाने जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा जीव घेतला आणि वर्णद्वेषाविरोधात मोर्चे निघाले. जूनमध्ये मी मास्क लावून, ते घडलं त्या ३८वी स्ट्रीट आणि शिकागो अ‍ॅव्हेन्यूच्या चौकात तासभर उभी होते. रस्त्यावर फुलांचा ढीग, पोरं सॅनिटायझर वाटत होती. भाऊ अजून म्हणतो, "बाबांसाठी आली नाहीस, मोर्चाला गेलीस." काय सांगू?

उत्तर १: ताई, त्याचा राग समजतो. एप्रिलमध्ये मिशिगनच्या लान्सिंगला लोक लॉकडाऊनविरोधात जमले तेव्हा तज्ज्ञांनी झापलं. जूनमध्ये हजारावर आरोग्य क्षेत्रातल्या मंडळींनी फ्लॉइडसाठी निघालेल्या मोर्चांच्या बाजूने पत्रावर सह्या केल्या. विषाणूला घोषणा कळत नाहीत. विश्वास तिथेच उडाला.

उत्तर २: पण पुढे काय झालं? अर्थशास्त्रज्ञांनी ३०० हून अधिक शहरं तपासली. मोर्चांमुळे रुग्णवाढीचा वेग वाढल्याचं दिसलं नाही. बाकीचे लोक उलट जास्त घरात थांबले, हे एक कारण. मोर्चात कुणालाच लागण झाली नाही, असा मात्र याचा अर्थ नाही.

प्रश्नकर्ती: हे आकडे मी त्याला पाठवले होते. उत्तर आलं नाही. बाबांच्या वेळी वैकुंठ स्मशानभूमीत पाचच माणसं होती, आणि फोन धरलेला त्याचा हात थरथरत होता, चित्र सारखं हलत होतं. त्याबद्दल मी त्याला कधी विचारलंच नाही. रविवारी फोन करते. आधी तेच विचारेन.