ऑगस्टमधलं विस्थापनावरचं प्रदर्शन: कागद, गोधड्या आणि फलकांवरचे शब्द

खाडीकाठ

नवी मुंबईतल्या ऐरोलीत एका संस्थेच्या हॉलमध्ये ५ ते २० ऑगस्ट असं प्रदर्शन ठरलंय. हॉल ३४ × २० फूट. एक लांब भिंत विटांची, तिच्यावर बाहेरून पावसाचा मारा. बाकी प्लायची पार्टिशनं. एसी आहे, पण रात्री बंद करावा लागतो. मांडायचंय ते असं: स्थलांतरावरचे बारा कॅनव्हास, आठ जलरंग, प्रकल्पग्रस्त गावांतल्या बायकांनी शिवलेल्या चार गोधड्या, उल्हासनगरच्या एका कुटुंबाची फाळणीनंतरची कागदपत्रं आणि वीस-वीस मिनिटांच्या सहा मुलाखती.

सध्याचा बेत: जलरंग विटांच्या भिंतीवर (तिथे उजेड कमी), गोधड्या चिमटे लावून दोरीवर, कागदपत्रं लॅमिनेट करून, मुलाखती स्पीकरवर. शीर्षक 'निर्वासितांच्या कथा'. कुठे चुकतंय?

कागद_आणि_खळ

जवळजवळ सगळीकडे, पण वेळ आहे.

लॅमिनेशन आजच रद्द करा. गरम प्लास्टिकचा गोंद कागदाच्या तंतूंत उतरतो आणि पुन्हा निघत नाही. पत्रावर शाईच्या पेनचं अक्षर असेल तर सोडवताना तेही जातं. मूळ कागद त्या कुटुंबाकडेच राहू द्या. ६०० डीपीआयने दोन्ही बाजू स्कॅन करा (शिक्के आणि नोंदी बऱ्याचदा मागेच असतात), मूळ आकारात मॅट कॉटन पेपरवर छापा आणि फलकावर 'प्रत' असं स्वच्छ लिहा. कोणाला फसवलं जात नाही आणि प्रत बिनधास्त उजेडात ठेवता येते.

एखादं रेशनकार्ड मूळच हवं असेल तर काचेच्या बंद पेटीत आडवं ठेवा, उभं टांगू नका. साधारण २ × १.५ फुटांच्या, ९ इंच खोल पेटीला खोट्या तळाखाली सिलिका जेलच्या (ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या) पुरचुंड्या लागतात, एकूण किलोभर. मात्र भट्टीतून काढल्यासारखं ठणठणीत कोरडं जेल घालू नका. त्याने पेटीतली आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली जाते आणि जुना कागद पापडासारखा वळतो. आत छोटा हायग्रोमीटर (आर्द्रता मोजायचं यंत्र) ठेवून काटा ४५ ते ५५मध्ये राहतोय ना, ते रोज बघा.

जलरंग विटांच्या भिंतीवर अजिबात नकोत. ओल आली की बुरशी पहिल्यांदा फ्रेमच्या मागे धरते, पुढून काही दिसत नाही. ते पार्टिशनवर घ्या आणि दिवे मंद करा. कॅनव्हास विटांच्या भिंतीवर चालतील, पण फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून सेंटिमीटरभर जाड बुचाचे तुकडे लावा म्हणजे हवा खेळेल. जलरंगाचा कागद काचेला टेकता कामा नये, मध्ये माउंट बोर्डची खिडकी (जाड पुठ्ठा कापून केलेली चौकट) हवीच. आणि कागद चारी बाजूंनी चिकटवू नका: दमट हवेत तो फुगतो, पसरायला जागा मिळाली नाही की लाटा येतात. वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन बिजागऱ्या, गव्हाच्या सत्वाची खळ, बस्स. सेलोटेप दिसला तर जप्त करा.

रात्री एसी बंद होणार असेल तर दिवसाही तो २६च्या खाली नेऊ नका. गार झालेल्या काचेवर रात्रीची दमट हवा आली की पाणी धरतं. एसी नसता तर बरं, असं म्हणायची वेळ येते.

टाकेदोरे

गोधड्यांबद्दल. सहा फुटी गोधडी, आत जुन्या साड्यांचे थर, वजन दोन-तीन किलो सहज. चिमटे लावले की सगळा भार दोन-चार ठिकाणी येतो आणि विरलेलं कापड धावदोऱ्याच्या ओळीवरच फाटतं. करायचं ते असं: दोन इंच रुंद वेल्क्रोची मऊ बाजू आधी सुती पट्टीवर मशीनने शिवा. ती पट्टी गोधडीच्या मागे वरच्या कडेला हाताने टाचा, टाका सगळ्या थरांतून जाऊ द्या, नाहीतर फक्त अस्तर ओढलं जातं. काट्यांची बाजू लाकडी पट्टीवर स्टेपल करून पट्टी पार्टिशनच्या चौकटीत स्क्रूने बसवा, नुसत्या प्लायमध्ये नाही. उतरवताना सोलून काढायची, ओढायची नाही.

आणण्याआधी कसर आणि ढेकूण. पॉलिथिनमध्ये हवाबंद करून उणे १८ अंशाच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडू नका, नाहीतर गार कापडावर दव बसतं. म्हणजे जुलैच्या मध्याला गोधड्या हातात हव्यात! डांबरगोळ्या नकोत, वास महिनाभर जात नाही.

उजेड गोधड्यांना आणि जलरंगांना ५० लक्स (लक्स म्हणजे उजेडाचं माप), कॅनव्हासला २०० चालतो. मोबाइलचं लक्समीटर अंदाजापुरतं ठीक.

लोक हात लावणारच. 'हात लावू नये' या पाटीने काही होत नाही. त्याच बायकांकडून हातभर लांबीचा एक नमुना पैसे देऊन शिवून घ्या आणि तो हात लावायलाच ठेवा. फलकावर शिवणारीचं नाव तिला विचारून, ती सांगेल तसं: माहेरचं की सासरचं, तीच ठरवेल.

कानोसा

३४ फुटांत सहा स्पीकर म्हणजे गलका. हेडफोन लावा, प्रत्येक जागी दोन, कारण माणसं जोडीने येतात. ब्लूटूथ नको: मध्येच झोपी जातं, जागं झालं की इंग्रजीत बोलतं. वायरचे हेडफोन आणि फाइल आपोआप फिरवणारा साधा प्लेअर पुरे. उभ्याने वीस मिनिटं कोणी ऐकत नाही. तीन-चार मिनिटांचा तुकडा ठेवा, पूर्ण मुलाखत क्यूआर कोडवर. शेजारी छापील संहिता हवी. मुलाखत सिंधीत असेल तर ती देवनागरी आणि अरबी अशा दोन्ही लिप्यांत द्या. पिकल्या पिढीला बहुधा अरबी वाचता येते, नातवंडांना देवनागरी.

संमतीपत्रावर एकच सही घेऊ नका. रेकॉर्ड करणं, हॉलमध्ये ऐकवणं, इंटरनेटवर टाकणं, तिन्हींसाठी वेगळं हो/नाही. अनेकांची हॉलला हरकत नसते, इंटरनेटला असते. जमिनीचा दावा चालू असलेल्याचं बोलणं वकिलाला विचारल्याशिवाय लावू नका. सातबारा मांडणार असाल तर हिस्सेदारांची नावं झाका.

तळटीप

शीर्षक बदला. गोधड्या शिवणाऱ्या बायका निर्वासित नाहीत आणि उल्हासनगरचं कुटुंबही आज नाही. १९ जुलै १९४८पूर्वी पाकिस्तानातून येऊन इथे राहिलेल्यांना राज्यघटनेच्या सहाव्या अनुच्छेदाने थेट नागरिक मानलं, नंतर आलेल्यांना नोंदणी करून. कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या वस्तीला ८ ऑगस्ट १९४९ला उल्हासनगर नाव मिळालं. ती तारीख तुमच्या प्रदर्शनातच येतेय. 'शरणार्थी' म्हटलं की 'आम्ही पुरुषार्थी' हे उत्तर तिथे जुनं आहे.

नवी मुंबईची गोष्ट वेगळी. इथे माणसं सीमा ओलांडून आली नाहीत, शहरच त्यांच्या शेतावर आलं. सिडको (हे शहर वसवणारं सरकारी महामंडळ) १७ मार्च १९७०ची, संपादन ९५ गावांचं, जानेवारी १९८४ला जासई परिसरात जमिनीच्या आंदोलनावर झालेल्या गोळीबारात पाच हुतात्मे, पुढे साडेबारा टक्क्यांची (संपादित जमिनीच्या तेवढ्या हिश्श्याचे विकसित भूखंड परत देणारी) योजना. या लोकांचा शब्द 'प्रकल्पग्रस्त', फलकावर तोच हवा. दोन्ही दालनं वेगळी ठेवा. एकाच भिंतीवर शेजारी लावली की बघणारा नकळत तुलना करत बसतो, कोणाचं जास्त गेलं याची.

फाळणीचा नकाशा लावणार असाल तर जपून. सर्वे ऑफ इंडियाच्या नकाशाशी न जुळणारा देशाचा नकाशा प्रसिद्ध करणं १९६१च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. जुना नकाशा मांडायचाच तर साल ठळक लिहा आणि आधी वकिलाला दाखवा.

खाडीकाठ

लॅमिनेशनवाल्याला आत्ताच फोन केला. शीर्षकाचं समितीत मांडतो. फलक सनबोर्डवर (फोमच्या कडक पुठ्ठ्यावर), डबल टेपने चालतील ना?

कागद_आणि_खळ

डिस्टेंपरवर डबल टेप पावसाळ्यात दोन दिवस टिकतो, मग रंगासकट खाली. प्लायवर बारीक खिळे मारा. सनबोर्ड ५ मिमीचा घ्या, ३चा वाकतो. अक्षर २० पॉइंटच्या खाली नको आणि ओळींत अंतर जास्त ठेवा, नाहीतर वेलांट्या वरच्या ओळीच्या उकारांत अडकतात. फलकाचा मध्य जमिनीपासून साडेचार फुटांवर.

उद्घाटनाची समई दाराबाहेर, गोधड्यांपासून लांब. आणि पाहुण्यांचे ओले पुष्पगुच्छ कोणीतरी त्या काचेच्या पेटीवरच ठेवणार, तिथे माणूस उभा करा.