अनुभव धागा: ठाणेकरांची राणीची बाग

१८६२ साली व्हिक्टोरिया गार्डन्स या नावाने खुली झालेली आणि आज वीरमाता जिजाबाई भोसले यांचे नाव धारण करणारी भायखळ्याची राणीची बाग ठाणे-नवी मुंबईच्या कित्येक घरांत सुट्टीचा हक्काचा बेत असे. प्राण्यांच्या आठवणी सगळेच सांगतात. येथे तेथल्या झाडांविषयीही आवर्जून लिहावे, ही विनंती.

नौपाडा
आजोबा आम्हा भावंडांना धिम्या लोकलने भायखळ्याला नेत. आमचे सारे लक्ष हत्तीवरच्या फेरीकडे असे, पण आजोबा आधी उर्वशीच्या झाडापाशी थांबत आणि मूळचे ब्रह्मदेशातले हे झाड उन्हाळ्याच्या तोंडावर लाल-पिवळ्या फुलांच्या लोंबत्या घोसांनी कसे भरून येते, ते समजावून सांगत. पुढे गोरखचिंचेच्या खोडाला आम्ही सगळे हातांत हात गुंफून वेढा घालू पाहत असू आणि हात अपुरेच पडत. हत्तीची फेरी पुढे बंद झाली, आणि प्राण्याच्या दृष्टीने ते योग्यच झाले. आता मी नातवंडांना नेते तेव्हा माझेही पाय आधी उर्वशीकडेच वळतात.

ऐरोली
आमच्या मुलीसाठी राणीची बाग म्हणजे पेंग्विन. पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे हे हम्बोल्ट पेंग्विन २०१७ पासून येथे पाहता येतात. जमिनीवर अडखळत चालणारा पक्षी पाण्यात शिरताच किती चपळ होतो, हे काचेपलीकडे पाहताना ती हरखून गेली. रांग मोठी असते, म्हणून सकाळी लवकर जावे. बुधवारी बाग बंद असते.

कळवा
बागेला लागूनच असलेल्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारातला दगडी हत्ती कृपया चुकवू नका. तो मूळचा घारापुरीचा. १८६४ साली त्याला इंग्लंडला नेण्याच्या खटपटीत यारी (क्रेन) मोडली आणि हत्ती फुटला. ते तुकडे जोडून १९१४ च्या सुमारास तो पुन्हा उभा करण्यात आला. त्या बेटाला पोर्तुगीजांनी एलिफंटा म्हटले ते याच हत्तीवरून, हे माझ्या मुलांना तेथेच प्रथम कळले.

वाशी
बागेच्या पुनर्विकासाचा आराखडा पुढे आला तेव्हा झाडांसाठी नागरिकांनी चिकाटीने विरोध केला, याचा मला फार आदर वाटतो. नवे पिंजरे काही वर्षांत बांधता येतात, परंतु शतकभर वाढलेली सावली तशी बांधता येत नाही. मुलांना नेताना झाडांवरच्या पाट्या वाचायला वेगळा तासभर ठेवावा.