डोनेपेझिल चालू असताना हुपर्झीन, गिंको, ब्राह्मी द्यावी का? मदत हवी आहे

काळजीवाहक
वडील ७६ वर्षांचे. अल्झायमर, सौम्य ते मध्यम टप्पा. रात्री डोनेपेझिल १० मिग्रॅ, सकाळी ॲस्पिरिन ७५ आणि मेटोप्रोलॉल. नातेवाइकांनी हुपर्झीन-ए, गिंको आणि ब्राह्मीच्या बाटल्या आणून दिल्यात. झाडपाल्याचं आहे, अपाय नाही, असं त्यांचं म्हणणं. तिन्ही एकत्र चालतील का?

औषधवेध
हुपर्झीनची बाटली आजच बाजूला ठेवा. डोनेपेझिल हे ॲसिटिलकोलीन (स्मरणासाठी लागणारं मेंदूतलं रसायन) मोडणाऱ्या एन्झाइमला अडवतं, आणि हुपर्झीनही नेमकं तेच करतं. दोन्ही एकदम देणं म्हणजे डॉक्टरांना न सांगता डोनेपेझिलचा डोस वाढवणं. मळमळ, जुलाब, भूक मरणं, वजन उतरणं आणि मुख्य म्हणजे नाडी मंदावणं. मेटोप्रोलॉल आधीच नाडी खाली आणतंय, त्यामुळे भोवळ येऊन पडण्याची भीती खरी आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत २१० रुग्ण होते. दिवसातून दोनदा २०० मायक्रोग्रॅम देऊनही १६ आठवड्यांनी स्मरणचाचणीत फरक दिसला नाही.

गिंकोचं म्हणाल तर २००८च्या चाचणीत ७५ वर्षांवरच्या ३,०६९ जणांवर १२० मिग्रॅ दिवसातून दोनदा असा प्रयोग झाला. डिमेन्शिया टळला नाही. आजार झाल्यावर २४० मिग्रॅ प्रमाणित अर्काने थोडा फायदा काही चाचण्यांत दिसला, काहींत नाही. वडिलांना ॲस्पिरिन चालू आहे, रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. एवढ्याशा आशेसाठी मी तो पत्करणार नाही.

काळजीवाहक
म्हणजे वनस्पतीतून आलेलं खात्रीचं काहीच नाही?

वनस्पतीरसायन
आहे की. गॅलंटामिन. स्नोड्रॉप आणि डॅफोडिलच्या कंदांत सापडणारं अल्कलॉइड, अमेरिकेत २००१ पासून मान्यताप्राप्त औषध. सावकाश विरघळणारी कॅप्सूल सकाळी खाण्याबरोबर ८ मिग्रॅ, किमान चार आठवड्यांनी १६, सोसलं तर पुढे २४. घाईने डोस चढवला की उलट्या होतात आणि औषध सुटतं. सलग तीन दिवसांहून जास्त खंड पडला तर पुन्हा ८पासून सुरुवात. मूत्रपिंड किंवा यकृत मध्यम प्रमाणात बिघडलं असेल तर १६च्या पुढे जात नाहीत. पण हे डोनेपेझिलच्या *जोडीला* नाही, त्याच्या *ऐवजी* देतात. लक्षणं काही काळ सावरतात, आजार थांबत नाही.

ब्राह्मीचं पाहताना बाटलीवर बॅकोपा मोनिएरी लिहिलंय का ते बघा. ब्राह्मी म्हणून मंडूकपर्णी ही वेगळी वनस्पतीही विकतात. बॅकोपावरच्या बऱ्याच चाचण्या निरोगी वयस्कांवर, साधारण ३०० मिग्रॅ अर्क १२ आठवडे, अशा आहेत. अल्झायमरमधला पुरावा फारच तुटपुंजा. पोटात कळा आणि वारंवार शौचाची तक्रार नेहमीची, म्हणजे डोनेपेझिलच्याच त्रासात भर.

औषधवेध
एक विचारायचं राहिलं. झोप, सर्दी, खाज किंवा लघवीसाठी आणखी काही चालू आहे? बी-१२ आणि थायरॉइड तपासलंय?

काळजीवाहक
दोन्ही ठीक आहेत. लघवी आवरत नाही म्हणून ऑक्सिब्युटिनिन सुरू केलंय, डोनेपेझिलनंतर काही महिन्यांनी.

औषधवेध
मग खरा प्रश्न त्या तीन बाटल्यांचा नाहीच. डोनेपेझिल ॲसिटिलकोलीन वाढवतं आणि ऑक्सिब्युटिनिन त्याचीच वाट अडवतं. मेंदूवर त्याचा परिणाम गोंधळ आणि विस्मरण वाढण्यात होतो. शिवाय लघवी न आवरणं हा डोनेपेझिलचाच दुष्परिणाम असू शकतो, म्हणजे एका गोळीचा त्रास झाकायला दुसरी. कोणतंही औषध परस्पर बंद करू नका. सगळ्या गोळ्या आणि या बाटल्या पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या आणि लघवीचा त्रास कधी सुरू झाला ती तारीख सांगा.

तोवर रोज सकाळी, बसवून, पूर्ण ६० सेकंद नाडी मोजून लिहा. ५०च्या खाली गेली किंवा भोवळ आली तर त्याच दिवशी कळवा. वजन आठवड्याला.

वनस्पतीरसायन
जोडून एक. ऑक्सिब्युटिनिनऐवजी मिराबेग्रॉन सुचवलं तर मेटोप्रोलॉल चालू आहे हे मुद्दाम सांगा. मिराबेग्रॉनमुळे मेटोप्रोलॉलचं रक्तातलं प्रमाण वाढतं, रक्तदाबही चढू शकतो. तेव्हा नाडीबरोबर रक्तदाबाचीही नोंद ठेवा.