बोनेअरला स्कूबासाठी जायचंय, गुडघा अधू आहे. कुठे उतरू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मार्चमध्ये आठ दिवस बोनेअरला जायचं जवळजवळ ठरलंय. व्हेनेझुएलाच्या उत्तरेला, कुरासावच्या शेजारचं हे छोटं डच बेट. चक्रीवादळं सहसा इतक्या दक्षिणेला येत नाहीत, त्यामुळे हवामानाची धास्ती नाही. काळजी आहे ती माझ्या डाव्या गुडघ्याची.

मी ५१ वर्षांची. तारकर्लीला पहिल्यांदा पाण्याखाली गेले आणि वेडच लागलं. पुढे इथे न्यू जर्सीत ओपन वॉटर हा स्कूबाचा पहिला कोर्स केला. आजवर २३ डाइव्ह झाल्या, एक सोडली तर सगळ्या बोटीवरून. ती एक गेल्या वर्षीची, फ्लोरिडातली. फिन्स (पोहताना पायात घालायचे पंख) हातात घेऊन मांडीभर पाण्यातून चालत होते. पायाखालचा शेवाळलेला दगड फिरला, त्याच क्षणी लाट आली, सिलिंडर एका अंगाला कलला आणि मी गुडघ्यावर आदळले. उठताच येईना. नवऱ्याने बखोटीला धरून बाहेर काढलं. दीड महिना फिजिओथेरपी झाली. आता डॉक्टरांनी डाइव्हिंगला हो म्हटलंय, पण पाठीवर वजन घेऊन खडकाळ जागी चालायचं नाही असं बजावलंय.

आणि बोनेअरची खरी मजा तर किनाऱ्यावरून उतरण्यातच! पिकअप भाड्याने घ्यायची, मागे सिलिंडर टाकायचे, रस्त्याकडेला डाइव्हच्या जागेचं नाव लिहिलेला पिवळा दगड दिसला की थांबायचं. पण बऱ्याच ठिकाणी पाण्याशी प्रवाळाचे तुटके तुकडे पसरलेले असतात. सागरी उद्यानात हातमोजे घालायला बंदी आहे, प्रवाळाला हात लावायचा नाही. नियम अगदी योग्य आहे, १९७९ पासून जपलंय म्हणून तर ते प्रवाळ टिकलंय. पण मग तोल गेला तर मी धरू कशाला?

थाउझंड स्टेप्स ही डाइव्हची जागा मी यादीतून काढली आहे. पायऱ्या सत्तरच्या आसपासच आहेत, पण सिलिंडर घेऊन चढायच्या आहेत. हिल्मा हूकर हे बुडालेलं जहाज ३० मीटरच्या आसपास आहे, माझी मर्यादा १८, तेही नाही.

तिथे जाऊन आलेल्यांनी कृपया सांगा:

बारी रीफ या डाइव्हच्या जागी धक्क्यावरून उडी मारता येते आणि शिडीने वर येता येतं असं वाचलंय. शिडी कशी आहे? फिन्स आणि कमरेची वजनं पाण्यातच काढून वर देता येतात का? वाळूतून सरळ चालत जाता येईल अशी आणखी कुठली जागा आहे का? सॉल्ट पियरचे (जहाजात मीठ भरायच्या धक्क्याचे) पाण्यातले खांब बघायची फार इच्छा आहे, तिथली वाट कशी आहे?

की किनाऱ्याचा हट्ट सोडून रोज बोटीने समोरच्या क्लाइन बोनेअर या छोट्या बेटालाच जावं? खर्च वाढेल, पण चालेल. नवरा डाइव्ह करत नाही, स्नॉर्केल करतो, म्हणजे नळीने श्वास घेत पाण्याच्या वरच पोहतो. त्याला त्याच बोटीवर घेतात का?

शेवटचा दिवस कोरडा ठेवलाय, विमानाआधी १८ तास पाण्यात जायचं नाही म्हणून. त्या दिवशी फ्लेमिंगो बघू.

गुडघ्याचं दुखणं घेऊन तिथे डाइव्ह केलेलं कुणी असेल तर जरूर लिहा. बुकिंगचे पैसे या रविवारपर्यंत भरायचे आहेत.